नंबर लागल्यावर

सर, आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि त्याचा मला अजूनही राग येतो. एवढी वर्षं झाली, तरी कुठलंही मॉडेल बनवायला बसले की पहिलं वाक्य तुमचंच ऐकू येतं, "माणसं नको पाहू, रांग पाहा." चंद्रपूरच्या आपल्या कॉलेजात त्या काळी सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या व्यवहाराची कॉम्प्युटरवर नक्कल, हा शब्द उच्चारणारे तुम्ही एकटेच. कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, एसी यंत्रांसाठी, आपल्यासाठी नाही. पण मे महिन्यात सगळ्या वर्गाला त्या लॅबचं भलतंच प्रेम यायचं. तिथेच तुम्ही शिकवलंत की व्यवस्था म्हणजे एकामागून एक घडणाऱ्या घटना. पेशंट आला, ही एक. डॉक्टरसमोर बसला, ही दुसरी. उठला, ही तिसरी. मधल्या वेळात काही घडत नाही, कॉम्प्युटरमधलं घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं. मला ते फार आवडलं होतं, हेही सांगून टाकते.

मग तुमच्या ओळखीने तो प्रोजेक्ट आला. आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा दुसरा डॉक्टर पाठवायचा की नाही, हे ठरवायचं होतं. मी व्हरांड्यात बसून कोण कधी आलं, कधी आत गेलं, ते टिपत होते. नर्सने नंबर पुकारला. तापाने डोळे लाल झालेली एक बाई उठली, आणि आत जायच्या ऐवजी फाटकाकडे निघाली. मी धावले. "बाई, तुमचा नंबर लागला ना! कुठी चालल्या?" ती थांबलीसुद्धा नाही. "सोबत निंगाली माझी. मांगं राहीन त जंगलातून एकटी कशी जाऊ?" फाटकाबाहेर तिच्या गावच्या बाया उभ्या होत्या. सगळ्या मिळून चालत आल्या होत्या आणि उन्हं उतरायच्या आत सगळ्या मिळूनच परत जाणार होत्या, कोणाला डॉक्टर भेटलेला असो की नसो. रांगेतल्या आणखी दोघी तिच्यामागून गेल्या. नर्सने पुढचा नंबर पुकारला.

तुम्ही माझ्या नोंदींचा कागद बघून चष्मा वर केलात. "हे काय आहे? नंबर लागल्यावर कोणी उठून जाते काय? लिहिण्यात चूक झाली तुझी. काढून टाक." मी सोबतीचं सांगितलं. म्हटलं, सर, प्रत्येक माणूस वेगळा बनवू या. तो कोणाबरोबर आला, घर किती लांब, तो कधी कंटाळणार, हे त्याचं त्याच्याजवळ देऊ. तो आजूबाजूच्यांकडे बघेल आणि स्वतः ठरवेल. अशा माणसांना एजंट म्हणतात. "एजंट? विम्याचे काय?" लॅब हसली, तुम्हीही हसलात. मग समजावणीच्या सुरात म्हणालात, "आज तिले घर देशील, सोबत देशील, उद्या सासू देशील. कादंबरी लिही मग. मॉडेलात बसते तेवढंच घ्यायचं." मी चिडून आठवडाभर खपून माझं मॉडेल बनवलं. चालवलं, तर सगळ्या बाया फाटकाजवळ एकमेकींची वाट बघत उभ्या, कोणी निघेचना. तुमचं मात्र चहा येईपर्यंत चालून संपायचं, आणि औषधाच्या खिडकीपाशी गर्दी तुंबते हे त्याने अगदी बरोबर दाखवलं होतं. त्यामुळे तुमचंच मॉडेल ठरलं. निघून गेलेल्या सगळ्या जणी आपण वगळल्या. अहवालात लिहिलं की दुपारपर्यंत रांग संपते, एक डॉक्टर पुरे. अहो, संपणारच! माणसं घरी गेली होती! दुसरा डॉक्टर कधी आला नाही. मी लॅबमध्ये आदळआपट केली तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू काऊन एवढी तणतण करून राह्यली? मार्क चांगले देतो ना तुले." आणि खरंच दिलेत. त्याचा जास्त राग आला.

पुढे मी हैदराबादला नोकरीला लागले. कामाच्या जागी चांगली यंत्रं होती, चांगलं सॉफ्टवेअर होतं. सुट्टीच्या दिवशी बसून मी तो दवाखाना पुन्हा उभा केला, एकेक बाई, तिच्या सोबतीसकट. या वेळी त्या फाटकापाशी अडकल्या नाहीत. उन्हं कलायला लागली की एक उठते, मग दुसरी, मग नंबर लागलेलीही उठते. आणि दुसरा डॉक्टर बसवून बघितला, तर सोबत निघायच्या आत जवळजवळ सगळ्यांची तपासणी होते. मी खोलीत एकटीच ओरडले होते. दिवाळीत बल्लारपूरला तुमच्या घरी येऊन तुमच्यासमोर तो प्रिंट ठेवायचा, असं ठरवलं होतं. त्याच्या आधीच तुम्ही गेल्याचा फोन आला.

आले ते तुमच्यामागे एकट्या राहिलेल्या काकूंना भेटायला. प्रिंट पिशवीतच होता. काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "यांच्या छातीत दुखे, म्हणून नागपूरले दाखवाले गेले व्हते. शेजारच्या भाऊले सोबत नेलं. सकाळपासून बसले. नंबर लागला, अन् उठून टेशनावर आले!" मी विचारलं, का? "भाऊले दुसऱ्या पाळीले कारखान्यात जायचं व्हतं. यांले सोडून तो काई गेला नसता, गाडी चुकली असती त्याची. भाऊ बाहेर पानठेल्यावर उभा, त्याले काई माहीतच नाई. हे त्याले म्हणाले, आज नंबर नाई लागत, चल. घरी येऊन मले सांगतात, अन् वरून हसतात! म्हणे, त्याले नको सांगू." आठवड्यात तुम्ही गेलात.

सर, मला जिंकायचं होतं. पण तुमच्या तोंडावर, तुम्ही समोर बसून वाद घालत असताना. असं नाही. आयुष्यभर मला रांग पाहा म्हणालात आणि तुमच्यावर वेळ आली तेव्हा माणूस पाहिलात. तेही त्या एका दिवशी, जेव्हा रांगच पाहायला हवी होती. याचं काय करू मी?

हे पत्र कुठेच टाकायचं नाही. काकूंच्या पत्त्यावर तर नाहीच, त्यांच्याकडे आलेली पत्रं शेजारचे भाऊच वाचून दाखवतात. काकूंना भेटून निघाले तेव्हा मला स्टेशनवर सोडायलाही तेच आले होते. स्कूटर उभी करून म्हणाले, "त्या दिवशी सरचा नंबर लागला असता त वाचले असते, बाई. पण नाईच लागला."

मी म्हटलं, हो, नाहीच लागला.