अकरावं भोक

३ मार्च
एकदाची आले! वहिनी जाऊन वर्ष झालं. धाकट्या भावाने किती वेळा विनवलं, 'ताई, पोरीकडे बघायला कुणी नाही.' मला माळ्यावरची खोली दिली आहे, उतरत्या कौलांची, भरपूर उजेडाची. शिलाई मशीन खिडकीशी लावलं. सात वर्षांच्या भाचीने, पिटुकलीने, स्वतःची उशी माझ्या पलंगावर आणून ठेवली आणि विचारायचीही तसदी घेतली नाही.

११ मार्च
शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. पिटुकली मशीनखाली बसून बटणं रंगांप्रमाणे लावते, वर मलाच दटावते. कौलांत वटवाघळं आहेत. दिवे लागायच्या वेळी फडफडत बाहेर पडतात. भाऊ म्हणाला, वर्षानुवर्षं आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

१९ मार्च
भर दुपारी एक वटवाघूळ मशीनजवळ जमिनीवर पडलेलं. उडता येईना. पिटुकली त्याच्यावर ओणवी झालेली. तिला बाजूला सारून मी ते नुसत्या हाताने उचललं आणि खिडकीबाहेर फांदीवर ठेवलं. तेवढ्यात बोटाला काहीतरी टोचलं. शिंपिणीच्या बोटांना आधीच दहा भोकं, अकराव्याचं काय कौतुक! बोट पदराला पुसलं आणि खिसा शिवून संपवला. भाऊ म्हणाला, डॉक्टरांना दाखव. मी हसले. चावलं असतं तर कळलं नसतं का?

६ मे
दोन दिवस कणकण आहे. त्याच बोटाला मुंग्या येतात, पार कोपरापर्यंत. सुईत दोरा ओवता येईना. पिटुकलीने ओवून दिला.

८ मे
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुत्रं चावलंय का? नाही म्हटलं. मग वटवाघळाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. वटवाघळामुळेही रेबीज होतो, त्याचे दात इतके बारीक की खूणही दिसत नाही, म्हणाल्या. उघड्या हाताने धरायचंच नाही. टोचल्याचा नुसता संशय आला तरी पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायची.
मी विचारलं, "आणि आता?"
त्यांनी माझा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.
मग खोलीत आणखी कोण होतं, ते विचारलं.

८ मे, संध्याकाळ
पिटुकलीला विचारलं, त्याला हात लावला होतास का? ती भावाच्या मांडीवर तोंड लपवून म्हणाली, "मी फक्त त्याच्या पंखावरून बोट फिरवलं. तू रागावशील म्हणून नाही सांगितलं."
मी रागावले नाही. भाऊ तिला तसाच उचलून दवाखान्यात घेऊन गेला. इंजेक्शनं सुरू झाली. तिला काही होत नाहीये, म्हणजे वेळ गेलेली नाही, असं बाई म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. मी दोनदा विचारलं म्हणून.

९ मे
मोठं हॉस्पिटल. तहान लागली आहे, पण पेला ओठांपाशी आला की घसा आवळतो — नर्सने पंखा लावला, नुसता वारा लागला तरी — बंद करायला सांगितला. नळाचा आवाज — दार लावा म्हटलं.
भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा. त्याला म्हटलं, तुझा दोष नाही. तू सांगितलं होतंस.

१० मे
अक्षर वाकडं येतंय. मधेच कुठे आहे ते कळत नाही. मग कळतं. कळतं तेच वाईट.
कौलांतली भोकं बुजव, भावाला सांगितलं — वटवाघळं बाहेर गेल्यावर, आत कोंडून नको. पोरीची एकही तारीख चुकवू नकोस. शपथ घातली.

१० मे, दुपार
पिटुकलीला आत सोडत नाहीत. मीच नको म्हटलं. काचेपलीकडे उभी आहे. वेण्या भावाने घातलेल्या, एक वर, एक खाली. दंडावर पट्टी. दुसरं इंजेक्शन उद्या, बोटांनी दाखवतेय. रडली नाही म्हणे.
तिला कुणीतरी सांगा, आत्या मुळीच रागावली नव्ह—