नळीवरची लाल खूण

शनिवार, ड्रेस्डेनजवळ

पाना खाली ठेवून रेडिएटरला हात लावला, तर गारच. अंगणातला लाकडाचा बॉयलर मात्र धगधगतोय. गरम पाण्याच्या नळीला लाल खूण असते. मी तळघरात लाल खुणेचीच नळी रेडिएटरकडे जोडली होती. मग चुकलं कुठे?

सासरे कानटोपी घालून, दोन शाली पांघरून बसलेले. "जावईबापू, उद्या माझं परतीचं तिकीट बघा." त्यांची लेक माझ्याकडे बघेना.

पुन्हा तळघरात गेलो. लाल खूण बोटाला लागली. रंग असा निघतो? वास घेतला. कुंकू! खरी लाल खूण दुसऱ्या नळीवर, भिंतीकडे वळलेली.

"सकाळी नव्या नळ्यांची पूजा केली," सासरे म्हणाले. "हाताशी आली त्या नळीला लावलं."

रविवार सकाळ. बॉयलर निवल्यावर नळ्यांची अदलाबदल करून तो पुन्हा पेटवला. घर तापलं. सासऱ्यांनी कानटोपी काढली आणि दुसऱ्या नळीलाही कुंकू लावलं.