गंगेपार डोहाळजेवण

१२ जाने., सोम.

शाळेतून येऊन चहा टाकला तर वि.बा.चा फोन. (विहीणबाई. रोज पूर्ण लिहायची त्यांची लायकी नाही.) अशूला सातवा लागला, बाळंतपणाला परतूरला कधी आणू, एवढंच मी मागच्या आठवड्यात विचारलं होतं. उत्तर आज मिळालं.

"सातवा लागल्यावर बाईनं नदी वलांडू न्हाई. कुंभार पिंपळगावाहून परतूरला यायचं म्हणजे मधी दुधना हाय की."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे शेंबडं पोरही सांगेल. यांना नदी आठवली. मी म्हटलं, एस.टी. पुलावरून येते, कोणी पोहत येत नाही.

"पूल असला म्हून नदी न्हाई का?"

मग खरं पोटातलं बाहेर आलं. "आन् तुमच्या घरी हाय कोण? शाळेत जाताल का लेकीजवळ बसताल?"

हे जाऊन नऊ वर्षं झाली. घरात कोण आहे आणि कोण नाही ते मला ठाऊक आहे. चहा उतू गेला, शेगडी पुसत बसले.

१४ जाने., संक्रांत

वि.बा.चा मेसेज. तिळगूळ घ्या, गोड बोला, खाली नाचणारा पतंग. उत्तर दिलं नाही.

दोन महिन्यांची रजा मंजूर झाली. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवलीत, डिंक आणि अळीव आणून ठेवलेत. मला लेक घरी हवी आहे. रात्री बाळ रडून मला झोपू देणार नाही, असं घर हवं आहे. मी काय जगावेगळं मागते?

१८ जाने., रवि.

अशूचा फोन. येत्या रविवारी डोहाळजेवण. आणि कुठे, तर नावेत! जावयाच्या, नितीनच्या, मामेबहिणीचं जालन्याला हॉलमध्ये पुठ्ठ्याच्या नावेत झालं, म्हणून वि.बा.ना खरी नाव पाहिजे. गंगेवर (गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात), बंधाऱ्याच्या पाण्यात, दिवस मावळताना. फोटोवाला खास सांगितलाय.

मी म्हटलं, नदी ओलांडायची नाही आणि नदीत बसायचं चालतं होय?

"आत्या म्हणल्या, काठाकाठानं फिरवायची. वलांडायची न्हाई." (सासूला ती आत्या म्हणते.)

काठाकाठानं! सोयीचा धर्म म्हणतात तो हा. मी बोलत सुटले, तर अशू मधेच म्हणाली, "आई, बस कर. दोघींचं ऐकून ऐकून डोकं दुखून राह्यलंय माझं." ती दमते हल्ली. रक्त कमी असेल. खजूर न्यायला हवेत.

२५ जाने., रवि.

आजचं आजच लिहिते.

दुपारी पोचले. माहेरची हिरवी साडी, फुलांचे दागिने, करंज्या, अनारसे, सगळं नेलं होतं. नितीन जालन्याच्या कारखान्यात, त्याला सुटी नाही. वि.बा.नी साडीला हात लावला, किनार बोटात धरून पाहिली, म्हणाल्या, "ही मंग नेसवा घरी. फोटोला आमची पैठणी हाय." बरं.

संध्याकाळी गंगेकाठी ओटी भरायची वेळ झाली, तर पाच सवाष्णी पुढे आणि मी मागे. ते मला अपेक्षितच होतं. लग्नातही तेच केलं होतं. पण आज एक जादा: "बाई, तुम्ही तेवढ्या चपलांकडं बघा." पंचवीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी, चपला मोजत बसले काठावर.

झेंडूच्या माळा लावून नाव सजवलेली. फोटोवाला म्हणाला, शीड पाहिजे, शिडाशिवाय मजा नाही. बांबू होता, कापड नव्हतं. वि.बा.नी इकडेतिकडे पाहिलं आणि माझी हिरवी साडी उचलून दिली. नवी, घडी न मोडलेली. माझ्या देखत बांबूला बांधली.

अशू नावेत बसली आणि अडून बसली. "आई बसल्याशिवाय मी न्हाई जात." वि.बा.चा नाइलाज झाला. मला शिडामागे बसवलं, फोटोत न येईल अशी, आणि साडीच्या खालच्या टोकाचा दोर हातात दिला. "धरा, तेवढीच मदत." पुढे अशू, तिच्याजवळ वि.बा., पैठणीचा पदर सावरत. टोकाला शेषराव भोई, नाव त्याचीच. वल्हं फोटोत वाईट दिसतं म्हणून वि.बा.नी तेही काठावर ठेवायला लावलं. शेषराव "बाई, असं न्हाई चालत" म्हणत होता. ऐकतो कोण? दुसऱ्या लांब बांबूने ढकलत निघालो.

गंगा अगदी शांत होती. पाण्यावर तांबडं पसरलेलं, पलीकडच्या बाभळी काळ्या दिसायला लागलेल्या, अशूच्या तोंडावर तो उजेड. खोटं कशाला लिहू, दोन मिनिटं मला फार बरं वाटलं.

फोटोवाला काठावरून ओरडत होता, "अजून आत, अजून थोडं आत!" आत गेलो आणि बांबू तळाला लागेना. तेवढ्यात उत्तरेचं वारं सुटलं. साडी फुगली, नाव सरळ पलीकडे निघाली.

"बाई, दोर सोडा!" शेषराव म्हणाला.

मला ऐकू आलं.

"सोडा की बाई दोर! नाव पल्याड चालली!"

तेही ऐकू आलं. दोन्ही हातांनी धरला. साडी माझी होती.

वि.बा. आधी हसत होत्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. "अहो, वळवा! वलांडून राह्यली ना नाव! शेषराव!" शेषराव काय करणार, वल्हं काठावर. गेली नाव आरामात, कुठे हिसका नाही, धक्का नाही. पलीकडच्या चिखलात जाऊन टेकली. बीड जिल्हा.

वि.बा. उतरल्या, घोट्यापर्यंत रुतल्या. "वलांडली. अगं बाई, सातव्या महिन्यात गंगा वलांडली."

मी म्हटलं, "आता कसं करायचं, विहीणबाई? घरी न्यायची म्हणजे पुन्हा ओलांडायची."

"गाडी मागवू. पुलावरून नेऊ."

"पूल असला म्हून नदी न्हाई का?"

त्या चिखलातून पाय उपसायला लागल्या. मी म्हटलं, ठेवा मग हिला इथंच बाळंतपणापर्यंत, मी करंज्या आणून देत जाईन. त्या म्हणाल्या, तुम्हीच मुद्दाम केलं. मी म्हटलं, वल्हं कोणी ठेवलं काठावर? त्यांनी माझ्या नवऱ्यापर्यंत गोष्ट नेली, मी त्यांच्या माहेरापर्यंत. शेषराव तोंड फिरवून बिडी ओढत बसला.

"मला लघवीला लागलीय." अशू. नावेतच बसलेली, एक हात पोटाखाली. किती वेळची सांगत होती कोण जाणे. तिला हात देऊन खाली उतरवायचं आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

अंधार पडल्यावर मासेवाल्यांची इंजिनाची नाव आली, तिच्यातून अलीकडे आलो. गंगा दोनदा ओलांडून झाली. निघताना अशूला जवळ घेतलं तर कानाशी म्हणाली, "आई, भोईमामा दोनदा म्हणले. मला ऐकू आल्तं."

२६ जाने., सोम.

झेंडावंदन करून आले आणि जावईबापूंचा फोन, आज सुटी म्हणून गावी आलेले. "आई म्हणून राह्यली, आता वलांडलीच हाय तर न्या परतूरला." मागे वि.बा.चा आवाज, "माझं नाव नको सांगू." जिंकले! खोली झाडली, पाळण्याच्या कड्यांना तेल लावून ठेवलं. शेजारणीला बोलावून उरलेल्या करंज्या दिल्या.

अशूला चारदा फोन केला. उचलत नाही. झोपली असेल.

२८ जाने., बुध.

उचलत नाही. नितीन म्हणतो तब्येत चांगली आहे, डॉक्टरांनी पाहिलं. मग बोलत का नाही माझ्याशी? वि.बा.नी कान भरले असणार.

३१ जाने., शनि.

वि.बा.नी नाही भरले. अशू त्यांच्याशीही बोलत नाही म्हणे.

आज स्वतःहून फोन आला. शांत बोलली, त्याचीच भीती वाटली. "मी कालच जालन्याला आले, नितीनच्या खोलीवर. दवाखाना जवळ हाय. इथंच बाळंत होणार." मी म्हटलं, अगं, सासू कबूल झाली, तू इकडे यायचंस, खोली तयार आहे.

"कुठं जायचं ते मला कुणी इचारलं का? तू इचारलं?"

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय असतं?

"खोली एकच हाय. दोघींतल्या एकीलाच बोलवीन. कुणाला, ते मी ठरवीन. तोवर फोन करू नका. आत्यालाही हेच सांगितलं."

दोर मी का धरला होता, ते सांगायचा प्रयत्न केला. तिच्यासाठीच. ती म्हणाली, "मला पोहता येत न्हाई, आई." आणि ठेवला.

राग आला. कोणावरचा राग, आत्ता लिहवत नाही.

४ फेब्रु., बुध.

रजा सोमवारपासून लागते. मुख्याध्यापक विचारतात, लेक आली का? म्हटलं, येईल. शाळेतल्या बायकाही विचारतच राहणार.

८ फेब्रु., रवि.

सकाळी फोन वाजला. कणकेच्या हातानेच उचलला. वि.बा.

"तुम्हाला आल्ता का तिचा फोन?"

"नाही. तुम्हाला?"

"न्हाई."

त्यांच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता टोमणा येईल. मीही एक तयार ठेवला होता. पण म्हणाल्या, "आला तर मला सांगताल ना?"

म्हटलं, सांगेन. तुम्ही सांगाल?

"सांगंन की."

साफ खोटं बोलत होत्या. मीही.

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. त्यांनीही ठेवली असेल. फोन उशाशी आहे, आवाज पूर्ण वाढवून.