तानुबाईच्या नावानं

पाथरी
ता. ९ ऑगस्ट

चि. अर्पितास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव.

घरात फोन असून आत्या पत्र का लिहिते, असं म्हणशील. फोन एक तर तुझ्या भागवतदादाच्या खिशात, नाहीतर निकिताच्या कानाला. मला ऐकू कमी येतं म्हणून दोघं स्पीकर लावून देतात, मग मी काय बोलले ते साऱ्या गल्लीला कळतं. बायकांच्या काही गोष्टी बायकांतच राहिलेल्या बऱ्या.

तुझ्या निकितावहिनीला पाचवा लागला. लोहाच्या गोळ्यांनी तोंड कडू पडतं म्हणून बाईसाहेब त्या माठामागं लपवत होत्या. आता मी समोर उभी राहून गिळायला लावते. सासू झाले, एवढा तरी जाच करायलाच पाहिजे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं तुझ्याकडंच करायचं, असं तिनं ठरवून टाकलंय. अर्पिताताई सोडून मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई, असं म्हणते.

आता खरं काम. शेजारची तानुबाई तुला माहीतच आहे. तिची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली. पण दोनेक महिन्यांपासून मधूनमधून लाल दिसतंय. म्हातारपणी देवानं थट्टा मांडली, गेलेलं परत आलं, असं म्हणते बिचारी. त्यावर एखादी गोळी असली तर टपालानं पाठव. ती लाजते, म्हणून मी लिहायलेय. तिचं नाव कुठं काढू नकोस.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
धुरपता आत्या


पूर्णा
ता. १८ ऑगस्ट

ती. आत्यास,
अर्पिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र मिळालं.

निकितावहिनीला म्हणावं, गोळी जेवणानंतर घे, वरून लिंबू चोख आणि लगेच चहा पिऊ नकोस. सासूचा जाच चालू ठेव, माझी हरकत नाही. मी नर्स झाल्यापासून तुझ्या गल्लीतल्या अर्ध्या बायका तू हाताला धरून माझ्यापर्यंत आणल्यास. सरकारनं तुला पगार द्यायला हवा होता.

तानुबाईचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. गेलेली पाळी परत येत नसते, आत्या. बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब दिसला, तरी तो पाळीचा धरायचा नाही. दर वेळी वाईटच निघतं असं नाही, पण तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. वेळेत सापडलं तर पिशवी काढतात आणि बाई बरी होऊन घरी जाते. उशीर झाला तर आमच्या हातात फारसं काही राहत नाही. म्हणून गोळी पाठवत नाही, माणूस पाठव. मंगळवारी डॉक्टर मॅडम असतात. तू स्वतः घेऊन ये. तुझा शब्द मोडील अशी बाई पाथरीत अजून जन्मायची आहे.

तुझ्या मायेची धनी,
अर्पिता


पूर्णा
ता. ६ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. नमस्कार. वि. वि. तानुबाई येऊन गेली. बरोबर तिचा मुलगा सिताराम होता, तू नव्हतीस. तुझे गुडघे धरलेत म्हणाली. इतर वेळी तर तू गुडघे बांधून निघतेस.

बिचारी फार घाबरली होती. विचारलं ते पाठ केल्यासारखं सांगत होती, मध्येच अडली की भिंतीकडं बघायची. मी तपासलं, मॅडमनी तपासलं, परभणीला सोनोग्राफीही झाली. पिशवी स्वच्छ आहे, कुठं काही नाही. पुन्हा लाल दिसलं तर मात्र तडक यायला सांग. नाहीतर तिला म्हणावं निश्चिंत राहा, आणि तूही राहा.

वहिनीला जपा. तुमच्या सगळ्यांची आठवण येते.
अर्पिता


पाथरी
ता. २९ सप्टेंबर

चि. अर्पितास,
उदंड आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. काही नाही, असं तू लिहिलंस ना, ती ओळ मी कितीदा वाचली. तानुबाईला तर वाचून दाखवताना रडूच फुटलं. आता ती त्या गोष्टीचं नावही काढत नाही.

निकिताचं पोट चांगलं दिसायलंय. मी डिंक आणून ठेवलाय, अळीव निवडायला घेतलेत. बाळंतिणीचं सगळं माझ्या हातानं करणार आहे. भागवत म्हणतो, आई तू वाळलीस. मी म्हटलं, सून जाड झाली तर सासूनं वाळायलाच पाहिजे. तो हसला नाही. आजकालच्या पोरांना थट्टा कळत नाही.

अशीच मायेनं लिहीत राहा.
तुझी आत्या


पूर्णा
ता. १५ जानेवारी

ती. आत्यास,
नमस्कार. नांदेडचे डॉक्टर काय म्हणाले ते दादानं तुला सांगितलं, असं त्याचा फोन आला तेव्हा कळलं. तू ऐकून घेतलंस आणि बाळाची टोपी कुठं ठेवली म्हणून विचारलंस, असंही म्हणाला. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. दुखणं कमी ठेवायचं एवढंच हातात आहे. तुझ्यापासून लपवून काय करू, तू काही लहान नाहीस.

मला तुझा फार राग आलाय, आत्या. वहिनीची बाळंतपणाची खोली, बाळाचं पहिलं रडणं, आणि तू खुर्चीवरून उठलीस तर खाली लाल. हे कुणाचं, म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालीस, तानुबाईचंच समज. मला कळायला तेवढं पुरलं.

तानुबाईला तू तुझी लक्षणं शिकवून पाठवलंस. तिची पिशवी स्वच्छ निघाली, त्यात तुझं काय? एकीनं तपासून घ्यायचं आणि दुसरीनं बरं व्हायचं, असं कुठं असतं का? सुनेच्या एका गोळीमागं तू पहारा दिलास. स्वतःसाठी एवढा प्रवास का केला नाहीस? मला एकदा सांगायचं होतंस. मी तुझीच आहे ना?

अर्पिता


पाथरी
ता. २४ जानेवारी

चि. अर्पितास,
आशीर्वाद. तू रागावलीस ते बरं वाटलं. बाकी सगळे माझ्याशी आता हळू बोलतात, जसं काही मी झोपलेय.

मी तुला परकं मानलं, असं तुला वाटतंय. परकी असतीस तर कधीच आले असते. तू झालीस तेव्हा तुझी आई महिनाभर तापानं पडून होती. तुला पायांवर घेऊन मीच न्हाऊ घालायची. जिचं अंग मी धुतलं, तिच्यापुढं आपलं उघडं कसं करावं, तेच मला सुचेना. दुसऱ्या दवाखान्यात जावं तर लोक म्हणणार, घरची नर्स सोडून ही इकडं का. तानुबाईच म्हणाली, मी जाते, तुमचं दुखणं माझं म्हणून सांगते, औषध आणून देते. औषध आणलं नाही, तुझा शब्द तेवढा आणला. तो मी माझाच धरला. मला धरायचाच होता गं. निकिताचं बाळंतपण पदरात पाडून घ्यायचं होतं, ते झालं. नात माझ्याकडं बघून हसायला बघते.

तानुबाईला काही बोलू नकोस. ती दारापर्यंत येते आणि रडत माघारी जाते. जीव लावला तिनं, दुसरं काही केलं नाही.

आता एक सांगते. अंगाला वास येतो माझ्या. निकिता ओली बाळंतीण, तिला जवळ येऊ देत नाही. भागवत बाई लावतो म्हणाला, मीच नको म्हटलं. मेल्यावर चार बाया न्हाऊ घालतीलच, तेव्हा मला कुठं कळणार आहे. म्हणून रविवारी तू ये. दार लावून घे आणि मला न्हाऊ घाल. पाणी जरा कढतच घे. मी लाजणार नाही, आणि लाजले तरी तू थांबू नकोस.

वाट बघते.
तुझी,
आत्या