उगवतीकडे तोंड केलेला नकाशा

मी, हनुमान रामकिशन पोले, वय बावीस, धंदा पाट्या रंगवणे व डोंगरांचे नकाशे काढणे, राहणार माळवाडी, आखाडा बाळापूरच्या अलीकडे, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते या कागदावर लिहून ठेवतो. तब्येत ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे, मी पिलेलो नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे.

जिवंत माणूस हे काहून लिहून राहिला, असे कोणी विचारील. परवा चावडीवर सगळ्या गावासमोर माझे वडील रामकिशन लखमा पोले म्हणाले, "हे पोरगं आजपासून आमाला मेलं." त्यावर गावात कोणीही हरकत घेतली नाही. ग्रामपंचायतीचा एवढा जलद निर्णय मी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हा मेलेल्या माणसाने करायचे काम मी करतो आणि उद्याच्या गाडीने हिंगोलीहून अकोल्याकडे, तिथून चिखलदऱ्याला जातो. तिथल्या एका हॉटेलवाल्याला भिंतीवर अख्खा डोंगर काढून पाहिजे. त्याने माझी जात, बाप आणि डिग्री यांतले काही विचारलेले नाही.

कलम १. घर. घरातला माझा हिस्सा म्हणजे मागच्या पडवीतला रंगाचे डबे ठेवायचा कोपरा. तो मी काळ्या शेळीला देतो. ती तिथे बसतेच. माझे दोन नकाशे तिने खाल्ले आहेत. इतक्या आवडीने माझे काम घरात दुसऱ्या कोणी घेतले नाही.

कलम २. बँकेतले खाते आई नर्मदाबाई हिला. त्यात खाते उघडे राहील एवढेच आहे. आई चावडीवर आली नव्हती. आली असती तरी पदर तोंडाला लावून उभी राहिली असती, हे मला माहीत आहे. तरी देतो.

कलम ३. उत्तर दिशा. ही हिंगोलीच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांना कायमची बहाल करतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये मी आमचा मेंढमाळ काढला होता. मेंढमाळ म्हणजे आमच्या वाडीमागचा डोंगर. खडक झोपलेल्या म्हशींसारखे काढले. दसऱ्याला वाळणारे गवत पिवळे, दिवाळीपर्यंत टिकणारे हिरवे. वारा रंगवता येत नाही, म्हणून उताराउतारावर मेंढ्या काढल्या. मेंढ्यांची पाठ जिकडे, तिकडून वारा. सरांनी कागद वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "हा नकाशा आहे का जत्रेतला पडदा? वर उत्तर कुठे आहे?" मी म्हणालो, "सर, वर आभाळ आहे." वर्ग हसला. सरांनी कागद फेकला, मी तो उचलून फाडला आणि एसटी धरली. पुन्हा गेलो नाही. सरांनी आमचा डोंगर पाहिला नव्हता आणि पाहायचाही नव्हता. त्यांना बाण पाहिजे होता. घ्या.

कलम ४. पांढऱ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा, सरपंच प्रभूअण्णा यांना. याचे कारण नीट लिहितो, कारण सगळा घोटाळा इथेच झाला.

गेल्या वर्षी पंचायतीने डोंगराच्या पायथ्याला बाग केली. झोके, सिमेंटची हरणे, नळ. अण्णा मला म्हणाले, "हन्या, असा नकाशा काढ, की पाव्हण्याला कोनालाच इचारायचं काम नको." मी पत्र्यावर पाऊसकाळभर काम केले. मेंढरे राखणारा माणूस डोंगर कसा सांगतो? डोंगराकडे तोंड करून उभा राहतो आणि म्हणतो, डाव्या हाताला हे, उजव्या हाताला ते. तसाच नकाशा केला. समोर डोंगर. डाव्या हाताला पाझर तलाव आणि बंजाऱ्यांचा तांडा. उजव्या हाताला दगडाची खदान आणि आमचा मेंढवाडा. डोंगर बागेच्या उगवतीला, म्हणून पाटीचे तोंड मावळतीकडे. वाचणाऱ्याने पाटीवरून नजर उचलली की समोर तोच डोंगर.

उद्घाटनाच्या सकाळी अण्णा आले.

"पाटीचं तोंड मावळतीकडं?"

"अण्णा, वाचणाऱ्याचं तोंड डोंगराकडं पाहिजे."

"वाचणाऱ्याचं राहू दे. देवाच्या फोटोचं तोंड उगवतीला, दुकानाच्या पाटीचं उगवतीला. मावळतीच्या पाटीपुढं नारळ फोडायला मी काय दहाव्याला आलो?"

वेल्डिंगवाला बोलावला आणि पाटी समोरच्या बाजूला नेऊन फिरवून ठोकली. आता वाचणाऱ्याच्या पाठीला डोंगर आणि तोंडापुढे नकाशा. मी सांगितले, "अण्णा, डावं ते उजवं झालं." अण्णा हसून म्हणाले, "आपल्या गावात डावं-उजवं कोन बघतंय?" नारळ फुटला. टाळ्या झाल्या.

परवा चावडीवर ठरले की पाटी पोराने मुद्दाम उलटी काढली, सबब ती पांढरी करून टाकावी. फिरवणारे अण्णाच, ठरवणारे अण्णाच. डबा अर्धाच आहे, पण नीट हात मारला तर पुरेल.

कलम ५. तांड्याचे हिरासिंग आडे यांना काही देत नाही. त्यांनी माझ्यावर तोहमत घेतली, ती त्यांनी स्वतःजवळ ठेवावी.

झाले ते असे. त्यांची मुलगी निलम. तिला पाहायला दिग्रसकडचे पाहुणे जीपने आले. मुलगा डी.एड. झालेला. बागेत पाणी प्यायला थांबले. पोरांनी वाट दाखवतो म्हटले, तर हा म्हणाला, "नकाशा आहे ना." पाटीवर तांडा डाव्या हाताला, म्हणून जीप डाव्या हाताला घातली आणि सरळ आमच्या मेंढवाड्यात शिरली. तिथे कातरणी चालू होती. बाबा मांडीखाली मेंढा दाबून बसलेले, कुत्री मोकळी. नवरदेव बॉनेटवर चढला आणि लोकरीच्या ढिगावर पडला. वासाने त्याला उलटी झाली. बाबांनी त्याला धुतले, चहा पाजला, माफी मागितली. मेंढपाळाने आपल्याच वाड्यात माफी मागितली, ही तेवढी गोष्ट मला लागली. बाकीची मला आवडली.

ज्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांवर धान्य लादून नकाशावाचून अर्धा देश तुडवला, त्यांना जावई असा मिळून राहिला, की ज्याला डोंगर पाठीमागे आहे हे कळत नाही. हिरासिंग चावडीवर म्हणाले, "या धनगराच्या पोराचा माझ्या पोरीवर डोळा हाये, म्हणून यानं पाटी फिरवली." डोळा आहे. पाटी मी फिरवली नाही. पण तिथे मला विचारले, "तू केलं का?" तेव्हा मी म्हणालो, "मला सुचलं असतं तर केलं असतं." यावरच बाबांनी मला मारून टाकले.

कलम ६. कुंचले, वडील रामकिशन यांना. ते त्यांच्याच बोकडाच्या दाढीचे आहेत. केस त्यांचे, कातर त्यांची, मी फक्त दोरा बांधला. मेलेल्या पोराची दुसरी कोणती वस्तू त्यांच्या घरात शोभेल असे वाटत नाही.

कलम ७. मांजरपाटावरचा नकाशा, निलम हिरासिंग आडे हिला.

हा माझ्या मिळकतीतला एकच खरा जिन्नस. कॉलेजात असताना एसटीत हे कापड मांडीवर पसरून बसलो होतो. शेजारून आवाज आला, "हा कोनता डोंगर?"

"मेंढमाळ."

"खोटं. मेंढमाळ असा दिसतच न्हाई."

"तू कुठून पाह्यला?"

"आमच्या तांड्यावरून. रोज."

मी त्याच आठवड्यात डोंगराला वळसा घातला आणि तांड्याच्या विहिरीजवळ उभा राहिलो. पोरगी खरे बोलत होती. आमच्याकडून जो म्हशीसारखा दिसतो तो त्यांच्याकडून नांगी वर केलेल्या विंचवासारखा दिसतो. उतारांना त्यांची नावे वेगळी. ती एसटीत एकेक सांगत गेली आणि मी कापडाच्या मागच्या अंगाला तिच्या बाजूचा डोंगर काढत गेलो. एका कापडाला दोन डोंगर झाले. ती म्हणाली होती, "पाठीला पाठ लावून हायेत, भेटायचे कवा?"

परवा चावडीवर ती लिंबाखाली उभी होती. मला बोलून बोलून झोडपणे चालले होते आणि तिने तोंडातून शब्द काढला नाही. एक शब्द. तेव्हा कापड तिला देतो, ते दिग्रसला न्यावे आणि डी.एड.च्या ताटाखाली पसरावे. डाळ सांडली तर विंचवाच्या अंगाला सांडावी, म्हशीच्या नको.

कलम ८. या सगळ्याची वाटणी माझी माहेरीच राहणारी आत्या भिकाबाई हिने करावी. तिला काही ठेवलेले नाही, कारण ती साक्षीदार आहे. कळमनुरीला कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्याने बजावले, साक्षीदार दोन पाहिजेत आणि ज्याला वाटा आहे त्याने साक्ष देऊ नये, नाहीतर वाटा जातो. आत्या म्हणाली, "मला तुझं काय बी नको बाबा, तू जेवून जाय." आणि अंगठा दिला.

दुसरा साक्षीदार मिळाला नाही. चार घरी विचारले. कोणाची शेळी व्यायला झाली होती, कोणाचा चष्मा हरवला होता. जो चष्मा लावतच नाही त्याचाही. जागा रिकामी ठेवतो. बघणाऱ्याने गावाची किंमत त्यावरून करावी.

पुरवणी. त्याच दिवशी, बागेत, पाटीखाली बसून.

वरील मजकूर पुरा करून पाटी शेवटची पाहून राहिलो होतो, तर निलम आली. आधी पाटीला पाठ करून डोंगर पाहिला, मग मान मागे वळवून पाटी वाचली. एवढ्या वर्षभरात ती पाटी अशी वाचणारे दुसरे कोणी मी पाहिले नाही.

"काय लिहून राहिला?"

"मृत्युपत्र."

"मरून राहिला का?"

"मेलोय. चावडीवर ठरलं."

"मंग लिहितंय कोन?"

कागद ओढून घेतला आणि उभ्यानेच वाचला. सरांपाशी हसली. ताटाखालच्या कापडापाशी हसली नाही.

"मी बोलले न्हाई म्हून राग हाये?"

"एक शब्द न्हाई बोललीस."

"तुला इचारलं, माझ्या बापाला इचारलं, त्या वेल्डिंगवाल्याला पन इचारलं. मला कोनी इचारलं का? ज्या पोरीवरून समदं चाललंय, तिला सोडून समद्यांना इचारलं. तू इचारलं का?"

तिने कागदाचा शेवट दाखवला.

"ही जागा रिकामी काहून?"

"कोनी तयार न्हाई."

"आन् साक्षीदाराला इचारतेत का, भांडन निघालं तर?"

"इचारावंच लागतंय. त्याच्यासाठीच असतो तो."

"दे पेन."

"तुला न्हाई करता येत. तुला कापड हाये. सही केली तर कापड जाईन."

"जाऊ दे. खोड माझं कलम."

मी म्हणालो, हा कागद आत्या आज चावडीवर नेणार, तुझ्या बापापुढे कोणाकडून तरी वाचून घेणार. ती म्हणाली, "म्हून तर करते." मग म्हणाली, "आन् चिखलदऱ्याला कळव, उद्या येनं होत न्हाई म्हून. साक्षीदार काय सांगतो ते ऐकायला मेलेला हजर पाहिजे."

सबब कलम ७ या पुरवणीने रद्द केले आहे. मांजरपाट तूर्त माझ्याकडेच राहील. उद्याची गाडीही रद्द. बाकी कलमे कायम, विशेषतः कलम ३ आणि ४.

ठिकाण : माळवाडीची बाग, उलट्या पाटीखाली
तारीख : ३० नोव्हेंबर २००४, मंगळवार

लिहून देणार : हनुमान रामकिशन पोले (सही)

साक्षीदार :
१. भिकाबाई लखमा पोले, माळवाडी (अंगठा)
२. निलम हिरासिंग आडे, वय वीस, तांडा माळवाडी (सही). वाचून सही केली. विचारा, सांगते.