टेबलावरचं पाकीट

प्रिय चिमणे,

तीन पत्रं लिहिलीस, तिन्हींत एकच प्रश्न: जाण्याआधी आईने तुझं पत्र वाचलं का? सहा वर्षं तोंड दाखवलं नाहीस आणि शेवटी माफी मागायचं सुचलं, तेही टपालाने. आता जीव टांगणीला लागलाय म्हणतेस. लागू दे. आधी माझं ऐकून घे.

माझं काम तुला कधी कळलंच नाही. ताई बाटल्या रंगवते, असं तू पाहुण्यांना हसून सांगायचीस. अगं, बाटल्याच रंगवते मी. खाली जलरंग, त्यावर पेस्टल, सावलीला कोळसा, आणि जिथे रंग हात टेकतात तिथे खरी वस्तूच चिकटवायची. रंगवलेलं कुठलं आणि खरं कुठलं, हे बोट लावल्याशिवाय कळता कामा नये. त्यासाठी मांडणी महिना-महिना तशीच ठेवावी लागते. एखादा कप जरासा सरकला तरी सगळ्या सावल्या खोट्या पडतात. त्या टेबलावरची धूळसुद्धा मी कुणाला पुसू देत नाही.

आईच्या शेवटच्या आजारपणात टेबलावर तिच्या औषधाची तपकिरी बाटली होती, अर्धं सुकलेलं लिंबू आणि आईचा चष्मा. हो, चष्मा. काचेतून पडणारा उजेड मला हवा होता. आई आतल्या खोलीतून मागायची, मी म्हणायची सापडत नाही. अंथरुणाला खिळलेली ती, उठून थोडीच शोधणार होती! उशीखाली चाचपत राहायची. तू लगेच दिला असतास, ठाऊक आहे मला. म्हणून तर तुझ्या हातून आजवर एक चित्र पुरं झालं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी चित्रात पांढरा कमी पडत होता. पाकीट बाटलीला टेकवून ठेवलं आणि काय सांगू, सगळं चित्र उजळलं! दोन दिवसांनी आईला देऊ म्हटलं. मग सावली धरली, मग कडा. आई रोज विचारायची, धाकटीचं काही आलं का गं. मी ब्रश खाली न ठेवताच नाही म्हणायची. रागही होता, खोटं कशाला बोलू? तिचं सगळं मी करायचं आणि तिने वाट तुझी बघायची! सतराव्या दिवशी ती गेली.

आज हे लिहितेय, कारण ते चित्र पुढच्या महिन्यात तुझ्या शहरातल्या प्रदर्शनात लागतंय, आणि स्वतःचं अक्षर तू ओळखशीलच. पाकीट काही केल्या रंगवून जमेना, शेवटी खरंच चिकटवलं आणि वरून वॉर्निशचे दोन हात दिले. आता सोडवायला गेलं तर फाटेल. बघायला ये, पण हात लावू नकोस. आत काय लिहिलं होतंस ते मलाही माहीत नाही. मी ते उघडलंच नाही. मला फक्त पाकीट हवं होतं.

तुझीच,
ताई