रजेचा अर्ज, स्वहस्ताक्षरात

सोमवार, ४ फेब्रुवारी. दुपारी ४.
शाळा समितीची मीटिंग. किळस आली. अध्यक्षांनी (यांचं मालाचं गोदाम आहे) पायमोजा काढून शाळेच्या फूटपट्टीने टाच खाजवली आणि तीच पट्टी माझ्याकडे सरकवून म्हणाले, पोरी, घे, समास आख. आखला. पट्टी रुमालात धरून. मग रुमाल दोनदा धुतला.
मुलींच्या संडासाच्या कडीवर चाळीस मिनिटं चर्चा. ठराव: पुढच्या मीटिंगमध्ये विचार व्हावा. हाच ठराव सहा महिने इतिवृत्तात आहे. सहायक सचिव म्हणून मी फक्त तारीख बदलते.
महत्त्वाचं: प्रौढांचा साक्षरता वर्ग मला मिळाला. दुसरं कोणी घेत नव्हतं म्हणून नव्हे. म्हणजे घेत नव्हतंच, पण ते कारण नव्हे. अट अशी की २८ तारखेला हजेरीपटावर निदान दहा नावं हवीत, नाहीतर वर्गाची खोली अध्यक्षांच्या पोत्यांना. चौदा नावं आजच आली आहेत. मी पंचवीस करून दाखवीन.

मंगळवार, ५ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.१०.
पहिला दिवस. चौदाच्या चौदा हजर. सुताराच्या हाताला सरस, ट्रॅक्टरवाल्याच्या हाताला ग्रीस, रस्त्याच्या कामावरच्या चौघींच्या पायाला डांबर. नवी वही सगळ्यांनी एकेकदा हाताळली. आता ती नवी नाही.
दूध केंद्रावरच्या काकूंनी विचारलं, वाचायला किती दिवसांत येईल? त्यांची मुलगी लांब नर्सिंग शिकते, फोनवर लिहून पाठवते. ते शेजारणीकडून वाचून घ्यावं लागतं, आणि ती मेली मधलंच गाळते, म्हणाल्या. मी म्हटलं, आधी उभी रेघ. मग आडवी, मग तिरपी. मी बारा वर्षांची होईपर्यंत घरीच, बाबांकडे शिकले. पहिले दोन महिने नुसत्या रेघा. म्हणून माझं अक्षर असं आहे.
नियम सांगितले. गैरहजर राहायचं तर लेखी अर्ज, स्वहस्ताक्षरात. विनाअर्ज दोन दिवस गैरहजर, की नाव कमी. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुतार हसला. का ते कळलं नाही.
बाबांना मी सहाव्या वर्षापासून अर्ज देत असे. एकदा तापात लिहिलेल्या अर्जावर तारीख राहिली, म्हणून नामंजूर झाला. त्या दिवशी पाढे म्हणता म्हणता मी खाली पडले. पण तारीख परत कधी राहिली नाही.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी.
ट्रॅक्टरवाला दोन दिवस नाही. त्याचा मेव्हणा निरोप घेऊन आला: ट्रॉली उलटली, पाय प्लास्टरमध्ये आहे. तोंडी निरोप ग्राह्य नाही, म्हटलं. हात तर धड आहेत ना? मेव्हणा वळून वळून माझ्याकडे बघत गेला. शिस्त पहिल्यांदाच पाहत असावा.
नाव लाल शाईने कमी केलं. पुढे तारीख आणि सही. तेरा उरले. दहा पुरेत.

सोमवार, ११ फेब्रुवारी.
मलाच वर्गाला चार मिनिटं उशीर झाला. स्वतःच्या नावे अर्ज लिहिला. कारण पटण्यासारखं नव्हतं. ताकीद देऊन मंजूर केला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी.
रस्त्याच्या कामावरच्या चौघींची शुक्रवारी आणि काल दुसऱ्या पाळीत ड्यूटी होती. आज चौघींचे चार अर्ज आले, चारही एकाच अक्षरात, खाली चार अंगठे. चौकशी केली. मुकादमाने लिहून दिले. म्हणजे बनावट कागदपत्र, आणि वर तंबाखूचे डाग. कागद चिमटीत धरून परत दिला. त्यातली थोरली म्हणाली, बाई, लिहिता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो?
उलट उत्तर. नोंद केली. चार नावं कमी. नऊ.
संकल्प: उद्यापासून घरोघर फिरून रोज तीन नवीन नावं.

बुधवार, १३ फेब्रुवारी.
फिरायला जमलं नाही. आवाहनाचं पत्रक तयार करत होते. तिसरा मसुदा मनासारखा उतरला. नोटीस बोर्डावर स्वतः लावलं. येणारेजाणारे थांबून बघतात. काकूंनी विचारलं, ताई, काय लिहिलंय हो? म्हटलं, शिकाल तेव्हा वाचाल. याला उत्तेजन म्हणतात.

सोमवार, १८ फेब्रुवारी.
घरोघर फिरले. एका घरी. ओसरीवरच्या बाईंनी नाक शिंकरलं, हात खांबाला पुसला आणि त्याच हाताने खुर्ची पुढे केली. उभ्यानेच माहिती दिली. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले. बाकीची घरं थंडी कमी झाल्यावर.
आडवी रेघ अजून कोणालाच सरळ जमत नाही. तिरपीकडे जाण्याचा प्रश्नच नाही. आणखी तिघं विनाअर्ज. सहा.

बुधवार, २० फेब्रुवारी.
काकू दोन दिवस आल्या नव्हत्या. आज पावणेसहाला धावत आल्या. गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं, हात घालून काढावं लागलं. कोपरापर्यंत दाखवत सांगत होत्या. मी खिडकीकडे बघत ऐकलं. अर्ज कुठे आहे, विचारलं.
त्यांनी माझा हात धरला. ओला होता. म्हणाल्या, ताई, तुम्ही काढून द्या, मी त्यावरून गिरवते, रात्रभर बसते हवं तर. गिरवलेला अर्ज स्वहस्ताक्षरातला धरता येत नाही, हे मी सौम्य शब्दांत सांगितलं. त्या चप्पल घालून गेल्या.
नाव कमी करताना रेघ वाकडी गेली. आयुष्यात पहिल्यांदा. पट्टी खराब आहे. समितीला कळवावं.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी.
चौघांनी येणंच बंद केलं, विनाअर्ज. नावं कमी. उरला एक. सुतार मात्र नियमित. त्याचा आदर्श बाकीच्यांनी ठेवायला हवा होता. त्याला तसं म्हटलं. शेवटचा बाक दुरुस्त होईपर्यंत येतोय की, म्हणाला.
शाळेच्या शिपाईकाकांनी खडूचे तुकडे मागितले. स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करून दिले, नऊ नग. कशाला हवेत? सायकल स्टँडच्या फरशीवर लिहायला. मी म्हटलं, फरशी खराब होते. पुसतो मी, ताई, म्हणाले. ज्या फडक्याने पुसतात ते मी पाहिलं आहे.

सोमवार, २५ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.
सहा वाजता सायकल स्टँडकडून गलका. मोठी माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती, मध्येच हसत होती. सायकली न्यायला आलेले पालक असणार. शिपाईकाकांना सांगितलं, माझ्या वर्गाला त्रास होतो. बरं ताई, हळू घेतो, म्हणाले. काय हळू घेणार ते विचारायचं राहिलं.
वर्गात मी आणि सुतार. तो ठोकत होता. असा एकाग्र वर्ग मी पाहिला नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी.
बाक झाला. सुतार कालही आला नाही, आजही नाही. नाव कमी.
काळजीचं कारण नाही. हजेरीपट तपासला. एकही खाडाखोड नाही, प्रत्येक लाल रेघेपुढे तारीख आणि सही. संख्या कोणीही जमवतं. उद्या समितीला हा फरक समजावून सांगायचा. भाषण तयार आहे, साडेचार मिनिटांचं.

गुरुवार, २८ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.३०.
मीटिंग. अध्यक्षांनी बिस्किट बुडवलेल्या बोटांनी हजेरीपट उघडला. नावं किती? म्हटलं, आधी दोन शब्द बोलू का? नावं किती, पोरी? शून्य. मग पोती आणतो, म्हणाले.
तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, अहो, पण सायकल स्टँडवर रोज एकोणीस माणसं बसतात, त्यांचं काय? मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. अध्यक्षांनी चहा आणणाऱ्या शिपाईकाकांना अडवलं. कुणाच्या परवानगीने? काका म्हणाले, मालक, परवानगी असती तर खोलीतच बसलो असतो. ज्याला जे वाचायचं असतं ते फरशीवर लिहून देतो, दुसरं काय. काकांचं स्वतःचं शिक्षण सातवी.
काकांनी सायकल स्टँडवरून काकूंना बोलावलं. त्यांनी पदराला हात पुसून फोन काढला आणि बोट ठेवत ठेवत वाचलं: आई, मला, इथे, करमत, नाही. पण, सांगू, नको, कुणाला. एवढं वाचून थांबल्या. म्हणाल्या, हे मधलं त्या मेलीने मला कधी वाचून दाखवलंच नव्हतं.
अध्यक्षांचा हात टाचेवरच राहिला. कोणी बिस्किट घेतलं नाही. काकूंनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते. कान्यामात्र्यांवर बोट बरोबर पडत होतं. रेघा न काढता हे कसं जमलं, समजत नाही.
ठराव: खोली वर्गालाच द्यावी, वर्ग शिपायांनी घ्यावा. एकमताने मंजूर. अध्यक्ष सांगत गेले, मी लिहीत गेले. ‘सचिवांना या कामातून मोकळं करण्यात येत आहे’ असं ते म्हणाले. मी सहायक सचिव आहे. दुरुस्त केलं.
शिपाईकाका जिन्याशी थांबले होते. ताई, या की तुम्हीपण, तुमचं अक्षर बघून गिरवतील सगळे. विचार करून कळवते, म्हटलं. खोलीत माणसं जात होती. ट्रॅक्टरवाला कुबड्यांवर होता. मी वाट दिली आणि घरी आले.
बाबांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, वर्ग कसा चाललाय? सांगितलं, सुरळीत. एकोणीस जण येतात, आता या वेळी वाचतच असतील. यातलं एक अक्षर खोटं नाही.
मग तू घरी काय करतेस, बाबा म्हणाले.